गव्याच्या पायाला मुंग्या

एका जंगलात, मुलांनो, रस्ता इतका गुळगुळीत झाला की प्राण्यांना चालायची लाज वाटू लागली.

म्हणून दौलतराव गव्यांनी गाडी घेतली. तीही साधीसुधी नाही. तिच्यात अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल होता. म्हणजे वेग एकदा ठरवून द्यायचा. पुढे दुसरी गाडी आली की आपली गाडी आपोआप हळू होते. ती बाजूला झाली की पुन्हा ठरलेला वेग धरते.

दुकानातल्या माकडाने बजावलं, "साहेब, हिला पुढची गाडी कळते. बारीकसारीक काही आडवं आलं तर कळेलच असं नाही. नजर रस्त्यावर आणि पाय ब्रेकपाशीच ठेवायचा."

दौलतरावांनी त्यातलं 'आपोआप' तेवढं ऐकलं. बाकीचं माहितीपुस्तकात होतं. त्याची पानं फाडून त्यांनी प्रवासासाठी चिवड्याच्या पुड्या बांधल्या.

रस्त्यावर त्यांच्या पुढे हत्तीचा टेम्पो होता. दौलतरावांनी शंभरचा वेग ठरवला आणि सीटवर चक्क मांडी घातली. पंगतीला बसतात तशी.

"अहो, पाय खाली सोडा," शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, इंदुमतीबाई म्हणाल्या.

"गाडीला लागत नाहीत, मग मला कशाला लागतील?"

"पण काही आडवं आलं तर?"

"तू चिवडा खा."

गाडी खरोखर शहाण्यासारखी चालली. टेम्पो हळू झाला की तीही हळू व्हायची. दौलतराव तासभर मांडी घालून गाणं गुणगुणत होते.

मग रसवंती लागली आणि टेम्पो डावीकडे वळला. हत्तीला ऊस दिसल्यावर दुसरं काय होणार? गाडीला वाटलं, रस्ता मोकळा झाला. तिने वेग वाढवला.

रस्ता मोकळा नव्हता. काशिबाकाका कासव सकाळपासून तो ओलांडत होते.

"ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!"

दौलतरावांनी मांडी सोडली. पाय खाली टेकवला, पण तो आपला वाटेचना. शेवटी इंदुमतीबाईंनीच हँडब्रेक ओढला. गाडी गर्रकन फिरली आणि तिचं चाक काकांना घासून गेलं. काका वाचले, पण पाठ अर्धी फुटली. कासवाचं घर पाठीवरच असतं, मुलांनो. ते फुटलं की दुसरं भाड्याने मिळत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

वाघापुढे चौकशी बसली. कोल्हा प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेऊ लागला.

"ब्रेक का दाबला नाही?"

"दाबणारच होतो. तेवढ्यात पायाला मुंग्या आल्या."

कोल्ह्याचे कान उभे राहिले. "किती आल्या?"

"पुष्कळ."

"कुठून आल्या?"

"खालून वर."

ताबडतोब मुंग्यांना बोलावणं गेलं. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी मुंगी हात जोडून म्हणाली, "महाराज, त्या दिवशी आम्ही वारुळात होतो."

"सगळ्याच?" कोल्ह्याने विचारलं.

"सगळ्याच."

"महाराज, सगळ्या एका ठिकाणी जमल्या होत्या. कट होता!"

वाघाने निकाल दिला. मुंग्यांनी वारूळ सोडून नदीपलीकडे जावं. दौलतरावांना एवढ्या मुंग्या सोसल्याबद्दल शाल आणि नारळ.

"आणि माझी पाठ?" काशिबाकाकांनी विचारलं.

"आता काळजी नको," वाघ म्हणाला, "गुन्हेगार सापडले."

बाहेर येऊन दौलतरावांनी गाडी सुरू केली, शाल मांडीखाली नीट अंथरली आणि दार उघडून म्हणाले, "बस गं. आता मुंग्यांची भीती नाही."

इंदुमतीबाई बसल्या नाहीत. त्यांनी काशिबाकाकांना अलगद पाठीवर घेतलं आणि घरचा रस्ता धरला. चालत, अगदी कडेकडेने.

तात्पर्य: गाडी चालवताना पाय ब्रेकपाशी असलाच पाहिजे असं नाही. मुंग्या हाताशी असल्या म्हणजे झालं.