भुऱ्याने झेललेली द्राक्षं

आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात कुत्र्याला अपाय होईल असं काहीच त्याच्या तोंडी लागणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो! चॉकलेट कपाटात, कांदे माळ्यावर, मनुका तर चक्क कुलुपात. बायको ऋतुजा म्हणायची, "एवढा बंदोबस्त तर बँकेतही नसतो!"

त्या सकाळी मी दाढीला बसलो होतो. अंगणातून आई ओरडली, "पंकज, तुझा भुऱ्या लय हुशार आहे गा! द्राक्ष उडवलं की वरच्यावर झेलते!"

माझा ब्रश गळून पडला.

"अवं आई, द्राक्षं काहून दिली? किडनी जाते कुत्र्याची!"

"फळच तर आहे! धुऊन दिली मी."

"किती?"

"अर्धा घोस असन..." आईचा चेहरा पांढराफटक पडला. "मारलं का गा मी त्याले?"

मी भुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता आणा! उलटी काढावी लागेल."

भुऱ्याला छातीशी धरून मी रस्त्यावर धावलो. मागे आई, तिच्यामागे चपला शोधत ऋतुजा. एक ऑटो थांबला. ड्रायव्हरने माझ्या तोंडावरचा साबणाचा फेस पाहिला आणि तो मागे सरकला.

"भाऊ, पिसाळलं कोण? कुत्रं का तुम्ही?"

"दाढी करत होतो! धरमपेठला चला, लवकर!"

भुऱ्या मजेत जीभ काढून वारा खात होता. आई त्याचा पंजा घट्ट धरून रडत होती. तो जरा डोळे मिटायचा, की आम्ही तिघं एकदम किंचाळायचो, "भुऱ्याऽऽ!" बिचारा दचकून ताठ बसायचा!

दवाखान्यात माझा फेस पाहून लोकांनी आपापली कुत्री-मांजरं उचलली आणि ते भिंतीला चिकटले. नंबर लगेच लागला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात भुऱ्याने अंग आकसलं, आणि बदाबदा द्राक्षं बाहेर! आई वाकून बघायला लागली. "अजून निघून राहिली वं माय! निघू दे!"

तेवढंच ऐकू आलं. मग सगळा अंधार.

डोळे उघडले तर मी तपासायच्या टेबलावर! भुऱ्या खाली, सलाईन लावून शांत बसलेला, माझ्याकडे काळजीने बघत होता.

पुढचे दोन दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मग रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी शाबूत! आई भुऱ्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

"आता याला नेहमीचं जेवण द्या," डॉक्टर म्हणाल्या.

आईने डोळे पुसत माझ्याकडे बोट दाखवलं. "अन् याले?"

"यांना पुढच्या वेळी बाहेरच बसवा."