बिरुअण्णांची साक्ष

फोनवर कोणाची चौकशी आली की आमचे शेजारी बिरुअण्णा आधी सदरा घालतात, गळ्यापर्यंत गुंड्या लावतात, डोक्याला फेटा गुंडाळतात आणि मगच बोलायला लागतात. तोवर पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून दमलेला असतो.

“थांबा की वाईच,” अण्णा त्याला म्हणतात. “उघड्या अंगानं साक्ष द्यायची न्हाय.”

अण्णा बाजार समितीत तोलार होते. जन्मभर ज्वारी-कांद्याची पोती तोलली. आता कुंभारीत आमच्या शेजारी एकटेच राहतात. गल्लीतल्या कुणाला पुण्या-हैदराबादला नोकरी लागली की कंपनी पडताळणीचं काम बाहेरच्या संस्थेला देते. ती संस्था दाखले तपासते, जुन्या साहेबांना विचारते, शेजाऱ्यांनाही विचारते. अण्णा कायम घरी सापडतात, म्हणून सगळे त्यांचाच नंबर देतात. आणि मग पस्तावतात.

कारण अण्णा खरं सांगतात. शंकरच्या वेळी म्हणाले, “पोरगं लई कामसू हाय. पन आटाच्या आत उठत न्हाय. सकाळची पाळी देनार असाल तर तुमचं तुमी बगा.” शंकरला दुपारची पाळी मिळाली. लक्ष्मीची वागणूक कशी, असं विचारल्यावर म्हणाले, “उसनं नेल्यालं पातेलं घासून आनून देती. आजून काय पायजे?”

मग माझी पाळी आली. पुण्यात नोकरी ठरली होती, पण माझ्या कागदांत दीड वर्षाचं भगदाड होतं. नळावर पाय घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली होती. दवाखान्याचा कागद होता अकरा दिवसांचा. बाकीचे दिवस काय करत होतात, ते सांगणारं कोणी आहे का, असं संस्थेनं विचारलं. नाहीतर नोकरी गेली.

“अण्णा, विचारतील तेवढंच सांगा हं,” मी हात जोडले.

“मी जास्त कुटं बोलतो?” अण्णा म्हणाले.

संस्थेचा माणूस स्वतःच आला. अण्णांनी त्याला दारातल्या खाटेवर बसवलं. मी आमच्या खिडकीआड उभी.

“दीड वर्ष या बाई कुठे कामाला होत्या?”

“कुटंच न्हाय.”



“म्हणजे घरी बसून होत्या?”

“बसून?” अण्णांचा आवाज चढला. “रोज सकाळी आईला काखंत धरून चालवायची. पयल्या महिन्यात उंबऱ्यापातुर. दिवाळीला त्या लिंबापातुर. उनाळ्यात गिरनीपातुर. म्हातारी रडायची, शिव्या द्यायची. पन हिनं येक दिवस चुकवला न्हाय. आता म्हातारी येकटी दळन घिऊन येती. लिवा की हे.”

तो माणूस लिहीत होता. मधेच थांबून म्हणाला, “तुम्ही इतकं बारीक कसं लक्षात ठेवलंत?”

अण्णांनी सदऱ्याची वरची गुंडी चाचपली. मग हळू आवाजात म्हणाले, “आमची मंडळी बी अशीच पडली व्हती. मी कामावर जायचो. तिला कुनी चालिवलंच न्हाय.”

आम्ही इथं राहायला आलो, त्याआधीच अण्णांच्या पत्नी गेल्या होत्या. त्या कशानं गेल्या, हे आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. पेढे घेऊन गेले, पाया पडले. बोलायचं खूप होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, “अण्णा, तुमच्यामुळं झालं. पण आता आई एकटी राहणार...”

अण्णांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून तोंडात टाकला. गल्लीकडे बघत म्हणाले,

“तू जा बिनघोर. या बारीला मी घरीच हाय की.”