विहिरीजवळचा पांढरा ठिपका

एरंडोलचे ड्रॉइंग मास्तर हिलाल पाटील यांचं चित्र फौजदारांनी टेबलावर उलटं ठेवलं होतं, आणि ते उलटं आहे हे सांगायची मास्तरांची छाती होत नव्हती.

चित्र तसं शांत होतं. लोटन महाजनाचं शेत, बाभळी, विहीर, दुपारचं ऊन. मास्तरांनी ते इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं, म्हणजे रेघ न ओढता नुसत्या रंगाच्या फटकाऱ्यांनी काढलेलं. काढलं सोमवारी; आणि सोमवारपासूनच लोटनची बायको भागाबाई बेपत्ता होती.

"हा पांढरा ठिपका कोण?"

"ऊन आहे, साहेब."

"ऊन असं उभं राहतं?"

"चित्र... जरा फिरवता का?"

फौजदारांनी चित्र सुलटं केलं. ठिपका विहिरीच्या काठावर आला आणि जास्तच बाईसारखा दिसू लागला.

मग दोन दिवस इंजिन लावून विहीर उपसली. तळाशी एक बादली आणि बकरीची हाडं निघाली. लोटन काठावर बसून कपाळ बडवत होता. "पोर मरी गये तैपासून वरीसभर मी तिन्हासंगे बोलनू नही!" गाव मात्र मास्तरांवर उलटलं. बाई मरत होती आणि हा माणूस रंग कालवत बसला! हेडमास्तरांनी त्यांना रजेवर जायला सांगितलं. मास्तर घरी ते चित्र डोळ्यांसमोर आणत बसून राहिले. त्या उन्हाला पदर होता की काय, हे आता त्यांनाही सांगता येईना.

चौथ्या दिवशी भागाबाई पाचोऱ्याच्या एसटीतून उतरली. बहिणीकडे गेली होती म्हणे. लोटन वर्षभराचं सगळं एका दमात बोलला. आधी शिव्या, मग हुंदके. गाव हसलं, फौजदारांनी चित्र परत पाठवलं नाही, आणि प्रकरण मिटलं.

संध्याकाळी भागाबाई एकटीच मास्तरांच्या दारात आली.

"मास्तर, ते ऊन नव्हतं. मीच व्हतू तठे."

"काय करत होत्या, अक्का?"

"तुमीन जावानी वाट दखत व्हतू. तुमीन उठनातच नही. मंग सडकवर यष्टी दिखनी."

त्या दुपारी बाभळीचा हिरवा काही केल्या जमत नव्हता. तीनदा खरवडला, तीनदा लावला. जमला असता तर ते तासाभरातच सायकलवर बसले असते.

"बसा," ते कसंबसं म्हणाले, आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक. सावकाश कर. घाई नाही."