नागोजी अप्पांच्या घराचं सपाटीकरण

हुबळीत कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढणारे फ्लॉपीच्या काळातही पुष्कळ होते. पण नकाशातलं छप्पर खरोखर उभं करणारा माणूस एकच. मी, दत्तात्रय! बेळगावात राहून थ्रीडी शिकून आलो होतो, उगाच नाही. आमचे इंजिनिअर वादिराज सर साध्या रेषांवर खूश असायचे. मला मात्र साधं काही जमतच नाही, त्याला मी काय करू?

नागोजी अप्पांच्या घराचं काम आलं तेव्हा मी सगळी कला त्यात ओतली. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान, घराणं मूळचं मिरजेकडचं. उणकलला तळ्याजवळ जागा घेऊन ठेवलेली, पण अप्पा दुकानावरची माडी सोडायला तयार नव्हते. त्यांच्या सूनबाई वत्सलाक्का लग्न झाल्यापासून त्या माडीवर, बिनखिडकीच्या खोलीत स्टोव्हच्या धुरात भाकऱ्या थापत होत्या. त्यांची मागणी एकच.

"भाकरी थापताना मान वर केली की तळं दिसायला पाहिजे बघा. बाकीचं घर कसं का असंना!"

शेवटी अप्पा कबूल झाले, पण अट घालून. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर नकाशाची पूजा झालीच पाहिजे. मुहूर्त चुकला तर पुन्हा घराचं नाव काढायचं नाही. आणि एकदा पूजलेल्या कागदात काडीचाही बदल नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज.

नेमकी त्याच सकाळी फाइल हलेना! छपराचं एकेक कौल मी वेगळं काढलं होतं, उंची-जाडीसकट. माउस सरकवला की पडद्यावरचा बाण चहा पिऊन आल्यासारखा सावकाश निघायचा. त्यात प्रिंटवाल्याकडे फाइल फ्लॉपीवर न्यावी लागे, आणि ही फाइल फ्लॉपीत बसवणं म्हणजे म्हैस पिशवीत घालणं.

"एन माडिदी मारया! काय करून ठेवलास हे?" सरांनी डोक्याला हात लावला.

"काळजी सोडा सर. सपाट करतो."

"काय सपाट करतोस?"

"घर!"

सपाट करणं म्हणजे वर-खाली असलेल्या सगळ्या रेषा एका पातळीवर आणून बसवायच्या. फाइल आपोआप हलकी होते. मी हुकूम सोडला. कॉम्प्युटर गप्प! पुन्हा चालू केला, पुन्हा हुकूम सोडला. अर्ध्यावर आला तर लाइट गेली! लाइट आली, मी परत बसलो. आता त्यानं मलाच विचारलं, झाकलेल्या रेषा काढून टाकू का?

टाक की! झाकलेल्या रेषांचं काय लोणचं घालायचंय?

आणि काय सांगू तुम्हाला, फाइल एकदम पिसासारखी झाली!

"सर, एका फ्लॉपीत बसली! वर जागा उरली!"

सरांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात पेढा घातला. पडद्यावर माझी कौलं नुसती झळकत होती, मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. फाइल जुन्या फाइलवरच सेव्ह केली. दोन-दोन प्रती ठेवायला मी काय नवशिका होतो? धावत जाऊन प्रिंट काढून आणली. तोवर अप्पा, वत्सलाक्का आणि घर बांधणारा मारुती मेस्त्री ऑफिसात येऊन बसले होते. समई लावलेली, हार तयार. अप्पांनी गुंडाळी उलगडली.

कागदावर छप्पर होतं. अंगणात तुळशीवृंदावन होतं. मागे धुण्याचा दगड होता. बास!

"मनी एल्लैत्री? घर कुठं आहे ह्यात?" अप्पा म्हणाले.

"आणि माझी खिडकी?" वत्सलाक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

छपरानं जे जे झाकलं होतं, देवघर, माजघर, स्वयंपाकघर, ते सगळं कॉम्प्युटरनं माझ्याच परवानगीनं काढून टाकलं होतं! मुहूर्ताची वेळ तर डोक्यावर आलेली. पण बुद्धिमान माणूस अशाच वेळी ओळखू येतो.

"आहे की अप्पा! कौलांच्या खाली आहे!"

अप्पांनी कागदावरच्या कौलांवरून बोट फिरवलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"भले शाबास! दृष्ट लागू नये म्हणून झाकलंस होय? बरोबर आहे. आमच्या घरात खोल्या किती ते बाजाराला कशाला कळायला पाहिजे? पण कौलांच्या कडेला ही शून्यं कसली?"

उताराच्या उंचीचे आकडे होते ते. कॉम्प्युटर स्वतः मोजून लिहायचा. घर सपाट, उंची शून्य!

"शून्य म्हणजे चूक शून्य, अप्पा!"

अप्पांनी खूश होऊन हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. मुहूर्त साधला, घर नक्की झालं. आतलं घर मग वत्सलाक्कांनी समोर बसून मला तोंडी सांगितलं. गॅस इथं, पाटा-वरवंटा इथं, आणि खिडकी इथं, एवढी! त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. मी ते वेगळ्या कागदावर साध्या सपाट रेषांत काढून दिलं.

"हे आधीच असं काढायला काय झालं होतं?" सरांनी विचारलं. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

भिंती उभ्या राहिल्यावर मारुती मेस्त्रीनं विचारलं, "अप्पा, छपराला उतार किती द्यायचा?"

अप्पांनी हार घातलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय त्यात?"

"शून्य."

"मग शून्यच!"

मेस्त्रीनं हात जोडले, सर स्वतः जाऊन समजावून आले, मीही दोनदा गेलो. पण पूजलेला कागद तो पूजलेला कागद! त्यातून त्यावर चूक शून्य आहे असं खुद्द मीच सांगितलेलं.

पुढच्या वर्षी श्रावणात अप्पांनी सत्यनारायणाला बोलावलं. बाहेर झड लागली होती. मी थेट स्वयंपाकघरात गेलो. कट्ट्यावर वत्सलाक्का भाकरी थापत होत्या, समोर खिडकी, आणि खिडकीत भरून अख्खं उणकलचं तळं! माझी छाती फुगली.

"काय अक्का, दिसतं की नाही तळं?"

"दिसतं की हो."

त्यांनी साडीचा ओचा वर खोचला. तेव्हा कुठं माझं लक्ष खाली गेलं. घागरी, तपेली, पातेली, पराती, अप्पांचं निम्मं दुकान जमिनीवर मांडलेलं आणि प्रत्येक भांड्यात वरून टप टप टप!

"पण मी तळं खिडकीतून मागितलं होतं, दत्तूअण्णा. तुम्ही ते घरात आणून दिलंत!"

मी वर बघितलं. खरं सांगतो, कौलं काय सुरेख बसली होती! एकही वर-खाली नाही!