साहेबराव वैद्यांच्या चूर्णाचा गुण

संध्याने विद्यापीठात पाच वर्षे एकाच विषयाला वाहिली होती : पेशीच्या केंद्रकात शिरून अंगावरची सूज चढवणारे आणि उतरवणारे न्यूक्लिअर रिसेप्टर. परमेश्वराने तिला सासूही सुजलेल्या सांध्यांचीच दिली. फक्त ती सासू विद्यापीठाला मानत नव्हती. सत्यभामाबाईंनी डॉक्टरांची स्टेरॉईडची गोळी चिमटीत धरून न्याहाळली आणि केरात टाकली. त्यांची श्रद्धा बिडकीनच्या साहेबराव वैद्यांच्या चूर्णावर.

तेव्हा सुशिक्षित सुनेने ज्ञानाचा सरळ मार्ग सोडला. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने गोळ्या खलात कुटून ती त्या चूर्णाच्या पुड्यांत मिसळू लागली. आठवड्याभरात सत्यभामाबाईंच्या हातांत बांगड्या पुन्हा विनातक्रार शिरू लागल्या.

"बघ, तुझी पाच वर्सं आन वैद्याचे आठ दिवस," त्या म्हणाल्या.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांनी वाण म्हणून अकरा जणींना वैद्यांकडून नवे आणवलेले चूर्ण वाटले. पंधरा दिवस झाले, तरी एकीचाही गुडघा वाकेना. सत्यभामाबाईंनी अस्सल माल स्वतःला ठेवून गल्लीला भुकटी वाटली, अशी कुजबुज सुरू झाली. चाळीस वर्षे ज्यांचा शब्द खाली पडला नाही, त्यांना हे कसे सोसावे? त्यांनी अकराही जणींना बोलावणे धाडले. आज स्वतःच्या डब्यातल्या पुड्या वाटायच्या.

अकरांपैकी तिघींना मधुमेह होता. संध्याने डब्यावर हात ठेवला.

"आत्याबाई, ह्याच्यात डॉक्टरांची गोळी आहे. मीच कुटून घालते."

मग तिने सारे सांगितले. गोळी पेशीत शिरून रिसेप्टरला गाठते, रिसेप्टर केंद्रकात जाऊन सुजेचे हुकूम बंद करतो. मधुमेहींना ती तपासणीवाचून देणे घातक आणि आत्याबाईंनी ती एकाएकी सोडणेही घातक.

"म्हंजे तो रिसेप्टर माझ्या परवानगीबिगर माझ्या आंगात कारभार करतोय."

"हो."

"सुनेसारखाच हाय मग."

एवढ्यात बायका आल्या. सत्यभामाबाईंनी डबा कुलपात ठेवला आणि ताठ बसल्या.

"चूर्ण खोटं नाय. तुम्हीच उलटं घेतलं. आधी डॉक्टरला आंग दाखवायचं, तो सांगंल ते मुकाट घ्यायचं, मग वरून चूर्ण. तवा लागू पडतं."

महिन्याभरात बहुतेकींना उतार पडला. कृतज्ञ गल्लीने साहेबराव वैद्यांचा सत्कार ठरवला. आणि चूर्णामागचे शास्त्र चार शब्दांत समजावून सांगण्यासाठी, सासूबाईंच्या आज्ञेवरून, विद्यापीठातल्या संध्याताईंना व्यासपीठावर बसवण्यात आले.