आप्पांचे टमाटे

आमच्याकडे आलेला पाहुणा पेल्यात घोटभर पाणी ठेवून उठला, की आप्पा त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचे. मग तो पेला उचलून सरळ आपल्या झाडांकडे चालू लागायचे. "उष्टं माणसाला. झाडाला कसलं आलंय उष्टं?"

आप्पा म्हणजे गल्लीच्या टोकाला एकटेच राहणारे आमचे शेजारी. मूळचे पैठणकडचे, मेंढरांमागे जन्म गेलेला. एका दुष्काळात मेंढरं विकून ते मुलाबरोबर शहरात आले. मुलगा पुढे नोकरीसाठी लांब गेला, आप्पा इथेच राहिले. दारापुढे तेलाच्या डब्यांत त्यांनी टमाटे आणि मिरच्या लावल्या. जित्याची खोड! डब्यांना ते 'कळप' म्हणायचे, आणि रोप मलूल दिसलं की "हिनं आज चारा सोडला," असं गंभीरपणे सांगायचे.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही लहर आली तर. म्हणून रोज संध्याकाळी आप्पांची बादली दारोदार फिरायची. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी चालायचं. त्या पाण्यावरून ते घरची खबरही काढायचे.

"सूनबाई, आज लई तांदूळ धुतले. पाव्हणं आलं व्हय?"

"नणंद आलीय, आप्पा."

"मंग तोंड का उतरलंय?"

माझी बायको पदराआड हसायची. आप्पा उंबऱ्यावर बसून चहा घ्यायचे, आणि अधूनमधून चार वेडेवाकडे, बोराएवढे टमाटे देऊन जायचे.

यंदाचा उन्हाळा फार वाईट गेला. त्यात आप्पांच्या घराला खेटून एक उंच इमारत उभी राहिली आणि त्यांच्या दारातलं ऊनच गेलं. पण नवल असं, की आप्पांचे टमाटे एकदम मोठे, लालबुंद, एकसारखे यायला लागले. आम्ही तोंडभरून कौतुक केलं. "माया लावली की झाड ऐकतं," आप्पा म्हणाले, पण आमच्याकडे न बघता.

मग दोन-तीन दिवस बादली आली नाही. मी बघायला गेलो, तर आप्पा तापाने पडलेले. दारातल्या डब्यांत नुसत्या वाळलेल्या काड्या. हिरवं पान औषधालाही नव्हतं.

"टमाटे शहागंजच्या बाजारातून आणतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "कळप गेला, भाऊ. पर झाडंच नाय म्हटल्यावर कशाच्या नावानं यायचं तुमच्या दारी? सूनबाईला सांगू नका."

मला फार वाईट वाटलं. घरी आल्या आल्या मी बायकोला सगळं सांगितलं.

ताप उतरल्यावर आप्पा बादली घेऊन आले. पाणी बघून म्हणाले, "आज लई तांदूळ धुतले. पाव्हणं येणार व्हय?"

"नाही. तुमचे धरून टाकलेत. बादली राहू द्या, आप्पा. आत या, जेवायला बसा," बायको म्हणाली.

आप्पा बादली ठेवून आत आले. खाली मान घालून जेवले. उठताना पेल्यात घोटभर पाणी उरलं होतं. त्यांनी सवयीने पेला उचलला, दाराकडे वळले. मग थांबले, आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.