भात, भोपळा आणि बाकी काही नाही

नवऱ्याला पथ्यात ठेवावं तर मीच, अशी चाळीस वर्षांपूर्वी माझी ठाम समजूत होती. आमचे हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. तेव्हा ह्यांच्या अंगावर गांध्या उठत, आणि हे असे खाजवत की अख्खं टेबल हलायचं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर फक्त भात आणि उकडलेला भोपळा. गांध्या गेल्या तर एकेक पदार्थ वाढवू, नाही तर दवाखान्यात भरती व्हा. ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या हाताखाली एक कण इकडचा तिकडे व्हायचा नाही."

रोज सकाळी पेलाभर दूध पाजायचं, डब्यात भात-भोपळा भरायचा आणि ह्यांना कामावर धाडायचं. पंधरा दिवस झाले, गांध्या जागच्या जागी. मग मी भोपळाही बंद केला. तर गांध्या दुप्पट!

एका दुपारी न कळवता छापखान्यात गेले. ह्यांच्या कोरड्या भाताभोवती सहा डबे उघडे, आणि मध्ये हे लाडावलेल्या बोक्यासारखे बसलेले. मला पाहून घास गालातच राहिला.

म्हातारे फोरमन उठले. "वहिनी, संसारात भांडणं होतातच," ते हळूच म्हणाले, "पण म्हणून नवऱ्याचा भोपळासुद्धा तोडायचा?"

ह्यांनी पथ्याचं सांगितलं होतं म्हणे. पण हा बायकोला पाठीशी घालतोय असं सगळ्यांना वाटलं, आणि माझा डबा जसजसा आटत गेला तसतशी त्यांची माया वाढत गेली. मी सगळ्यांना असं फैलावर घेतलं की यंत्रावरचा माणूसही यंत्र थांबवून ऐकत उभा राहिला.

गांध्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. महिना संपला. भरतीची चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पोटात काय काय जातं?

"भात आणि भोपळा," मी म्हटलं. "सकाळी पेलाभर दूध, पण ते काही खाणं नव्हे."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. हे छताकडे बघत होते.

दूध थांबलं आणि आठवड्यात अंग नितळ झालं. मी विचारलं, "तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"आली होती की. पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फुंकर घालून द्यायचीस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने छापखान्यात माफी मागायला गेले. फोरमननी सगळ्यांसाठी चहा मागवला. माझा तेवढा बिनदुधाचा.